ग्रीक पुराणकथांच्या नव्या कादंबऱ्यांतलं समलिंगी प्रेम : मुळात किती, लेखकाने घातलेलं किती?

कोरांटी
ट्रॉयच्या युद्धातला ग्रीक वीर अकिलिस आणि त्याचा सोबती पॅट्रोक्लस यांची प्रेमकथा सांगणारी मॅडलिन मिलरची 'द साँग ऑफ अकिलिस' २०११ मध्ये आली, २०१२ चं ऑरेंज पारितोषिक तिला मिळालं, आणि तेव्हापासून ग्रीक पुराणकथा नव्याने सांगणाऱ्या पुस्तकांची रीघ लागली आहे. त्यातल्या समलिंगी प्रेमकथांबद्दल दोन मतं सारखी कानावर येतात. एक, 'हे सगळं आजच्या लोकांनी घुसडलंय'. दुसरं, 'ग्रीकांकडे हे राजरोस होतंच, त्यात नवं ते काय?' मला दोन्ही मतं आळशी वाटतात.

माझं म्हणणं असं की चांगली कादंबरी मुळात अर्धवट सोडलेली एखादी जागा हेरते आणि तिथे पाय रोवते. उदाहरणार्थ इलियडचा, म्हणजे होमरच्या ट्रॉय युद्धावरच्या महाकाव्याचा, नववा सर्ग. ग्रीक सेनापती अॅगमेम्नॉनचे दूत अकिलिसच्या तंबूत येतात तेव्हा तो लुटीत मिळालेली, चांदीची पट्टी असलेली वीणा वाजवत गातोय. पॅट्रोक्लस समोर गप्प बसलाय, गाणं संपायची वाट बघत. मग पाहुण्यांचं जेवण. पॅट्रोक्लस आगीशेजारी लाकडी ठोकळा मांडतो, मेंढीची नि बोकडाची पाठ आणि डुकराचा चरबीदार मणका त्यावर ठेवतो. मांस धरायला सारथी ऑटोमेडॉन, कापायला अकिलिस, विस्तव फुलवायला पॅट्रोक्लस. निखारे पसरून सळया वर ठेवल्या की मीठ. वाढताना भाकरी पॅट्रोक्लसकडे, मांस अकिलिसकडे. कापणं, भाजणं, वाढणं यांत कोण काय करणार हे कुणी कुणाला सांगत नाही. या बारा-पंधरा ओळींतून अख्खं सहजीवन उभं करता येतं, आणि मिलरने बऱ्याच अंशी तेच केलंय.

फसणारी पुस्तकं फसतात ती बहुधा मुळातली गैरसोयीची गोष्ट गाळल्यामुळे. तर प्रश्न दोन. मुळात नेमकं काय आहे? आणि अजून कुठल्या कथांत अशी जागा शिल्लक आहे?

चिंचगूळ
वाखु (वाचनखूण) साठवली. सविस्तर नंतर लिहिते.

जुनापुराणा
वीणा आणि स्वयंपाक ठीक, पण त्याच नवव्या सर्गाचा शेवट वाचा. दूत परत गेल्यावर अकिलिस झोपतो लेस्बॉसहून पकडून आणलेल्या डायोमीडी या बाईजवळ, आणि पलीकडच्या बाजूला पॅट्रोक्लसजवळ असते इफिस, जी त्याला अकिलिसनेच दिलेली आहे. चोविसाव्या सर्गात अकिलिस शेवटचा दिसतो तो युद्धात पकडून आणलेल्या ब्रायसीसच्या शेजारी झोपलेला. होमर दोघांना प्रेमिक कुठेही म्हणत नाही. सॉक्रेटिसचा शिष्य झेनोफन, त्याच्या 'सिंपोझियम' या संवादात तर सॉक्रेटिस स्पष्टच सांगतो की अकिलिसने सूड घेतला तो सोबत्यासाठी, प्रियकरासाठी नव्हे. कादंबरी म्हणून मिलर जरूर वाचावी, पण तिला होमर समजू नये.

सातपुडा
जुनापुराणा, झेनोफन उद्धृत केलात तर बाकीचे साक्षीदारही बोलवा की!

ग्रीक नाटककार एस्किलसचं 'मिर्मिडॉन्स' हे नाटक हरवलंय, पण जे तुकडे उरलेत त्यांत अकिलिस पॅट्रोक्लसच्या प्रेतापुढे त्याच्या मांड्यांची आणि चुंबनांची आठवण काढतो. यात आडपडदा नाही. प्लेटोच्याही 'सिंपोझियम' नावाच्या संवादात फिड्रस हे पात्र याच नाटकावर चिडतं. पण चिडतो कशावर? प्रेम दाखवलं म्हणून नाही, तर भूमिका उलट्या केल्या म्हणून. अकिलिस वयाने लहान, अजून दाढी न फुटलेला, म्हणून प्रेमपात्र तो आणि प्रेम करणारा पॅट्रोक्लस, असं त्याचं म्हणणं. इसपू ३४५ मध्ये एस्कायनीज हा वक्ता अथेन्सच्या न्यायालयात तिमार्कसविरुद्धच्या भाषणात म्हणतो की होमरने हे प्रेम झाकून ठेवलं, कारण सुशिक्षित श्रोत्याला ते न सांगता कळतं.

म्हणजे आपण आज इथे घालतोय तोच वाद अथेन्समध्ये घालून झालाय. पुनर्कथन २०११ ला सुरू झालं नाही, ते एस्किलसपासून चालू आहे. होमरमध्ये प्रेम 'आहे' की 'नाही' यापेक्षा कुठल्या काळाने त्यात काय पाहिलं हा प्रश्न मला जास्त कामाचा वाटतो.

तिरकस
आणि २००४ च्या 'ट्रॉय' सिनेमाने काय पाहिलं? चुलतभाऊ! सगळ्या लग्नांत 'हा माझा रूममेट' म्हणून ओळख करून देतात त्यातलाच प्रकार.

गुळवेल
तिरकस, हसले, पण नातं सिनेमाने शोधून काढलेलं नाही. एजायना नावाच्या अप्सरेला झ्यूसपासून झाला ईआकस, त्याचा मुलगा पेलियस, त्याचा अकिलिस. तिलाच अॅक्टरपासून झाला मेनिशियस, त्याचा पॅट्रोक्लस. या वंशावळीने पॅट्रोक्लस पेलियसच्या पिढीचा होतो.

तिरकस
म्हणजे काका?

गुळवेल
चुलत काका. वंशावळी परंपरेगणिक बदलतात, पण हो.

तिरकस
मी हा धागा इथेच सोडतो.

पाणकावळा
वयाचा मुद्दा निघालाच आहे तर. अकराव्या सर्गात म्हातारा राजा नेस्टर पॅट्रोक्लसला त्याच्या बापाचे शब्द आठवून देतो: कुळाने अकिलिस वरचा, पण वयाने तू मोठा, तेव्हा सल्ला तू द्यायचास. बर्लिनच्या संग्रहालयात सोसियास चित्रकाराची म्हणून ओळखली जाणारी, साधारण इसपू ५०० ची एक कायलिक्स, म्हणजे मद्याची पसरट वाटी आहे. तिच्यात अकिलिस पॅट्रोक्लसच्या दंडाला पट्टी बांधतोय. दाढी आहे ती जखमी पॅट्रोक्लसला, बांधणारा अकिलिस तुळतुळीत. पॅट्रोक्लसने मान वळवलीय आणि दुखतंय म्हणून दात आवळलेत, ते दात चित्रकाराने पांढऱ्या रंगाने वेगळे काढलेत. आजच्या कादंबऱ्या दोघांना एका वयाचे करतात. का, ते उघड आहे. अथेन्समधलं प्रेम प्रौढ पुरुष आणि पोरगेला तरुण असं असमान होतं आणि आजच्या वाचकाला त्यात शोषण दिसतं. बदल करायला हरकत नाही, पण त्याची किंमत मोजावी लागते. मोठ्याने सल्ला द्यायचा आणि लहानाने ऐकायचं नाही, या ताणावर सोळावा सर्ग, म्हणजे पॅट्रोक्लस अकिलिसचं चिलखत घालून लढायला जातो आणि मरतो तो, उभा आहे. वय समान केलंत की तो ताण दुसरीकडून आणावा लागतो. मिलरने तो राजपुत्र आणि हद्दपार मुलगा या दर्जाच्या फरकातून आणला.

जमत नाही ते आणखी दोन ठिकाणी.

पहिलं, पॅट्रोक्लसला फार मऊ करणं. तो जखमा बांधतो हे होमरमध्ये आहेच. अकराव्या सर्गाच्या शेवटी तो युरिपिलस या जखमी ग्रीकाला कातड्यावर आडवा करतो, मांडीतला बाण सुरीने कापून काढतो, कोमट पाण्याने रक्त धुतो, कडू मुळी हाताने चुरडून जखमेत भरतो आणि रक्त थांबतं. यावरून त्याला निव्वळ वैद्य करायचा मोह होतो. पण हाच माणूस सोळाव्या सर्गात झ्यूसच्या मुलाला, सार्पेडॉनला मारतो आणि नंतर तीन हल्ल्यांत दर वेळी नऊ, म्हणजे सत्तावीस जणांना लोळवतो. त्याला पाडायला अपोलो देव आणि युफॉर्बस, हेक्टर हे ट्रोजन वीर असे तिघे लागतात. मिलरचा पॅट्रोक्लस लढाईत कच्चा आहे, त्यामुळे चिलखत चढवल्यावर अचानक त्याच्यात कुठून बळ येतं हे तिला झपाट्याने उरकावं लागतं. पुस्तकातली सगळ्यात कमकुवत पानं मला तीच वाटतात.

दुसरं, पकडून आणलेल्या बायका. त्यावर स्वतंत्र लिहायला हवं.

चिंचगूळ
त्यावर मीच लिहिते. मिलरकडे अकिलिस लुटीतल्या बायका मागून घेतो ते पॅट्रोक्लसच्या सांगण्यावरून, त्यांना वाचवण्यासाठी. तंबू म्हणजे जवळजवळ आश्रम. प्रेमकथेचा नायक गुलाम बाळगतो हे वाचकाला पचणार नाही, म्हणून केलेली ही सोय आहे, आणि कोरांटी म्हणतेय ती गाळलेली गोष्ट हीच. एकोणिसाव्या सर्गातला ब्रायसीसचा विलाप वाचा. माझा नवरा आणि तीन भाऊ याच लोकांनी मारले, मी रडत होते तेव्हा पॅट्रोक्लसच मला म्हणायचा की तुला अकिलिसची लग्नाची बायको करीन, फ्थियाला, अकिलिसच्या गावी, नेऊन मेजवानी घालीन. तिच्यापुरता तो एकटाच माणसासारखा वागला, आणि त्याची दया कुठवर पोचते? तर ज्याने नवरा मारला त्याच्याशी लग्न लावून देण्यापर्यंत. हे एवढं मुळात असताना ते गोड कशाला करायचं? पॅट बार्करने २०१८ मध्ये 'द सायलेन्स ऑफ द गर्ल्स' मुख्यतः ब्रायसीसच्या तोंडून सांगितली. त्यात या दोघांची जवळीक आहेच, पण ती दिसते तंबूतल्या गुलाम बाईच्या नजरेतून. मला तीच जास्त प्रामाणिक वाटते.

कोरांटी
चिंचगूळ, निम्मं मान्य. पण मिलरची ब्रायसीस निदान माणूस आहे, तिला स्वतःची ओढ आहे, हट्ट आहे. बार्करच्या पुस्तकातून प्रेमकथा म्हणून मात्र हाती फारसं काही लागत नाही. दोन्ही एकाच पुस्तकात जमवणारं कुणी मला भेटलेलं नाही.

निवेदनाबद्दल एक भर. इलियडमध्ये पॅट्रोक्लस दोन तृतीयांश गोष्टीनंतर मरतो, आणि मिलरचा निवेदक तोच, मग प्रथमपुरुषी निवेदन पुढे कसं न्यायचं? 'मृत्युंजय'मध्ये शिवाजी सावंतांनी कर्ण, कुंती, दुर्योधन, शोण, वृषाली असे निवेदक आलटून पालटून आणले आणि कर्ण गेल्यावरची गोष्ट कृष्णाकडे सोपवली. मिलरने निवेदक बदलला नाही, मेलेल्यालाच बोलत ठेवलं. ही युक्तीसुद्धा होमरचीच. तेविसाव्या सर्गात पॅट्रोक्लसचं भूत अकिलिसच्या स्वप्नात येऊन म्हणतं, मला लवकर अग्नी दे, इतर आत्मे मला नदी ओलांडू देत नाहीत, आणि आपल्या दोघांच्या अस्थी एकाच पात्रात ठेव. मिलर ते अडकून पडणं लांबवते. अकिलिसच्या मुलाने, पिऱ्हसने थडग्यावर पॅट्रोक्लसचं नाव कोरू दिलं नाही म्हणून आत्मा तिथेच राहतो.

जुनापुराणा
तो पिऱ्हस हा कालगणनेचा जुनाच घोळ. स्कायरॉस बेटावर अकिलिस मुलीच्या वेषात लपला असताना तिथल्या राजकन्येला त्याच्यापासून गर्भ राहिला आणि लगेच युद्धाला निघाले असं धरलं, तर दहा वर्षांनी पोरगं ट्रॉयला येऊन तिथला राजा प्रायम याला मारतं तेव्हा ते जेमतेम दहा-बारा वर्षांचं. प्राचीन लेखकांनी इकडे काणाडोळा केला. मिलरने मात्र ते वय तसंच ठेवून त्याचं थंड डोक्याचं क्रूर पोर केलं, हे मला आवडलं.

आणि सातपुडांना उत्तर राहिलंच. सोळाव्या सर्गात अकिलिस म्हणतो की सगळे ट्रोजन मरोत, सगळे ग्रीकही मरोत, आणि आपण दोघांनीच ट्रॉयचा बुरूज पाडावा. होमरचा प्राचीन संपादक, अलेक्झांड्रियाचा अॅरिस्टार्कस, याने या चार ओळी प्रक्षिप्त, म्हणजे मागाहून घातलेल्या, ठरवल्या होत्या. कारण? हे दोघे प्रेमिक होते असं मानणाऱ्या कुणीतरी त्या घुसवल्या असाव्यात, असा टीकाकारांचा संशय. कोरांटीच्या पहिल्या परिच्छेदातलं 'घुसडलंय' इतकं जुनं आहे. मी माझ्या मतावर ठाम आहे, पण माझ्या बाजूचे लोकही दोन हजार वर्षं हेच बोलतायत हे कबूल.

सातपुडा
दंडवत. हे मुद्दाम माझ्यासाठी राखून ठेवलं होतंत का?

वेताळटेकडी
सगळे पुस्तकांतच अडकलेत. 'हेडिस' हा गेम २०२० मध्ये पूर्ण स्वरूपात आला, त्यात अकिलिस पाताळातल्या महालात पहारेकरी आहे आणि पॅट्रोक्लस एलिझियममध्ये, म्हणजे मेलेल्या वीरांच्या स्वर्गात, एकटा बसलेला. तुम्ही पाताळाचा राजा हेडिसचा मुलगा झॅग्रियस. वाटेत पॅट्रोक्लस भेटला की तो तीनपैकी एक मदत देतो, पण गोष्ट पुढे सरकते ती दोघांना आळीपाळीने भेटत राहिलं तरच. पॅट्रोक्लसला एलिझियम मिळावं म्हणून अकिलिसने हेडिसशी चाकरीचा करार केलेला असतो, तो सोडवला की दोघे एकत्र. एकदाच खेळून सोडणाऱ्याला यातलं काही कळतच नाही. झॅग्रियसचं स्वतःचं मृत्युदेव थॅनाटॉसशीही जमतं नि सूडदेवता मेगेराशीही, आणि त्याचा कुणी बाऊ करत नाही.

पाणकावळा
गंमत म्हणजे ओडिसीच्या अकराव्या सर्गात पाताळात अकिलिस येतो तोच पॅट्रोक्लस, अँटिलोकस आणि एजॅक्स यांच्यासोबत. गेमवाल्यांनी आधी त्यांची ताटातूट केली, तेव्हा कुठे भेट घडवता आली. उलट पॉसेनियस हा प्राचीन ग्रीक प्रवासलेखक सांगतो त्या श्वेतद्वीपाच्या कथेत मेल्यावर अकिलिसचा संसार हेलनशी, आणि पॅट्रोक्लस त्याच बेटावर राहतो. या त्रिकोणावर कुणी लिहील काय?

चिंचगूळ
आता दुसऱ्या प्रश्नाकडे. बायकांच्या प्रेमकथा कुठे आहेत? मुळातच दुष्काळ. रोमन कवी ओव्हिडच्या 'मेटॅमॉर्फोसिस' या काव्याच्या नवव्या भागातली इफिस आणि इआन्थी ही ठळक (वर अकिलिसने देऊन टाकलेली इफिस वेगळी). क्रीटमध्ये फिस्टॉसचा लिग्डस बायकोला सांगतो, मुलगी झाली तर मारायची. तेलेथुसा मुलगीच मुलगा म्हणून वाढवते. तेराव्या वर्षी बाप इआन्थीशी लग्न ठरवतो, दोघींचं एकमेकींवर खरंच प्रेम, आणि इफिस रडते की गायीला गाय आवडत नाही, मलाच हे काय झालं. शेवटी देवळातून निघता निघता आयसिस देवी इफिसचा मुलगा करते आणि लग्न लागतं.

इथे नव्या लेखकाला एक वाट निवडावी लागते. शेवट ठेवला तर ती पारलिंगी पुरुषाची कथा होते, बदलला तर दोन बायकांची. दोन्ही रास्त, पण एकदम दोन्ही करायला गेलं की गोंधळ. अली स्मिथने २००७ च्या 'गर्ल मीट्स बॉय'मध्ये दुसरी वाट घेतली. स्कॉटलंडचं इनव्हरनेस, बाटलीबंद पाणी विकणारी कंपनी आणि अँथिया-रॉबिन. देवी नाही, रूपांतर नाही. ओव्हिडची गोष्ट रॉबिन अंथरुणात पडल्या पडल्या अँथियाला सांगते आणि अँथिया मध्ये मध्ये तोडते, वाद घालते. पुनर्कथन म्हणजे नेमकं काय हे त्या दहा-बारा पानांत कळतं. छोटं पुस्तक आहे, एका बैठकीत होतं.

कॅलिस्टो मात्र जपून. झ्यूस डायना देवीचं रूप घेऊन तिला जवळ घेतो, म्हणून लोक तिला यादीत घालतात. ती प्रेमकथा नाही, फसवून केलेला बलात्कार आहे. १६५१ मध्ये व्हेनिसला काव्हाल्लीने त्यावर ऑपेरा केला, त्यातही प्रेक्षकाला गुदगुल्या होतील अशीच हाताळणी.

गुळवेल
पारलिंगी कथाच हवी तर ओव्हिडकडेच सीनियस आहे की. सीनिस या मुलीवर समुद्रदेव नेपच्यून बलात्कार करतो, वर 'माग काय हवं ते' म्हणतो. ती म्हणते, पुन्हा असं सोसावं लागू नये म्हणून मला बाई ठेवू नकोस. सीनिसचा सीनियस हा पुरुष होतो, शस्त्राने भेदता न येणारा. शेवटी सेंटॉर (अर्धे माणूस, अर्धे घोडे) त्याच्यावर झाडं रचून त्याला गाडतात. २०२४ च्या 'केऑस' मालिकेत सीनियस आहे, पारलिंगी नटानेच केलेला. लेखकांनी बलात्काराचा भाग काढून त्याला अॅमेझॉन बायकांत वाढलेला दाखवला. मला हे पटलं. अत्याचार झाला म्हणून पुरुष झाला, हा कार्यकारणभाव आज जसाच्या तसा ठेवला तर भलताच अर्थ निघतो. मालिका एका हंगामातच गुंडाळली, तो भाग वेगळा.

कोरांटी
म्हणजे इथे गाळणं योग्य ठरलं. माझं विधान थोडं दुरुस्त करायला हवं. गाळलेल्या जागी दुसरं काही वजनदार ठेवलं तर चालतं. सीनियसच्या कथेत ते आहे, अकिलिसच्या 'आश्रमा'त नाही.

सातपुडा
हायसिंथस राहिलाच. सगळ्या नव्या पुस्तकांत कोवळा पोर, अपोलोचा लाडका, त्याचीच फेकलेली थाळी लागून मरतो, फूल होतो, संपलं. पण स्पार्टाजवळ अमिक्लीला त्याची पूजा होती, हायसिंथिया नावाचा उत्सव होता, आणि तिथल्या वेदीवर तो दाढीवाला कोरलाय असं पॉसेनियस लिहितो. प्रौढ हायसिंथसची प्रेमकथा कुणी लिहिली तर निराळंच काही होईल.

किशोर वाचकांसाठी रिक रिऑर्डनने २०१३ मध्ये आपल्या मालिकेतल्या निको दि अँजेलो या मुलाचं मुलावरचं प्रेम उघड केलं, क्रोएशियातल्या अवशेषांत क्युपिड त्याच्याकडून ते जबरदस्तीने वदवून घेतो. ते बळजबरीचं कबूल करवणं बऱ्याच वाचकांना खटकलं. २०२३ मध्ये मार्क ओशिरोच्या साथीने निको आणि त्याचा प्रियकर विल यांच्यावर पूर्ण पुस्तक आलं.

पाणकावळा
शिल्लक जागांच्या यादीत माझं मत गायक ऑर्फियसला. पाताळातून परत आणताना त्याने मागे वळून पाहिल्यामुळे बायको युरिडिसी दुसऱ्यांदा गेल्यावर तो बायकांपासून तोंड फिरवतो आणि तरुण मुलांकडे वळतो, हे ओव्हिड दहाव्या भागात सरळ सांगतो. गॅनिमिड आणि हायसिंथस यांच्या कथा तिथे ऑर्फियसच गातो. म्हणजे आयता निवेदक तयार आहे, दुखावलेला नि पक्षपाती. पुढे थ्रेसच्या बायका त्याला फाडून मारतात, तेव्हा लेखकाला त्यांचीही बाजू लिहावी लागेल. नव्या पुस्तकांतला ऑर्फियस मागे वळून पाहतो तिथेच थांबतो.

दुसरा आयोलॉस. हिरॅक्लीसचा पुतण्या आणि सारथी. थीब्समध्ये त्याच्या थडग्यापाशी प्रेमिक आणाभाका घेत, असं चरित्रकार प्लुटार्क अॅरिस्टॉटलच्या हवाल्याने सांगतो. त्याच शहराची ती पवित्र तुकडी, म्हणजे प्रेमिक पुरुषांच्या दीडशे जोड्यांची फौज, इसपू ३३८ ला किरोनियाच्या लढाईत पडली. सिंहाच्या स्मारकाखाली २५४ सांगाडे निघाले.

तिरकस
पुतण्या? परत नातेवाईक? या ग्रीकांना बाहेरचं स्थळ मिळतच नव्हतं का!

वेताळटेकडी
तू धागा सोडला होतास ना?

गुळवेल
अॅन कार्सनची १९९८ ची 'ऑटोबायोग्राफी ऑफ रेड' कुणीच कशी काढली नाही? हिरॅक्लीसने गाई पळवताना मारलेला तांबडा राक्षस गेरिऑन. कार्सनने त्याला पंख असलेला आजचा लाजरा मुलगा केला, आणि हिरॅक्लीस म्हणजे त्याला सोडून जाणारा प्रियकर. बाणाऐवजी प्रेमभंग. आगाऊपणा वाटेल, पण स्टेसिकोरस या ग्रीक कवीने इसपू सहाव्या शतकातच ही गोष्ट गेरिऑनच्या बाजूने सांगितली होती. त्याच्या उरलेल्या तुकड्यांत आई गेरिऑनला विनवते, आणि बाण लागल्यावर त्याची मान खसखशीच्या फुलासारखी कलते. मूळ ओळींना चिकटून न राहताही मुळाशी इमान कसं राखता येतं, याचा याहून चांगला नमुना माझ्या पाहण्यात नाही. कोरांटी, तुझ्या 'अर्धवट सोडलेली जागा' या कसोटीत हे कुठे बसतं?

कोरांटी
बसत नाही. तिथे प्रेमकथेची जागा मुळात नव्हतीच, कार्सनने सहानुभूती तेवढी उचलली. या पुस्तकापुरती माझी कसोटी अपुरी पडते, मान्य.

चिंचगूळ
रच्याकने (जाता जाता), इलियड पूर्ण न वाचता फक्त या दोघांसाठी वाचायचं तर कुठले सर्ग?

जुनापुराणा
१, ९, अकराव्याचा उत्तरार्ध (नेस्टर आणि युरिपिलस), १६, १८, १९, २३, २४. याच क्रमाने. अठराव्यात पॅट्रोक्लस मेल्याची बातमी आणणारा अँटिलोकस अकिलिसचे हात धरून बसतो, तो स्वतःचा गळा चिरेल या भीतीने. ते वाचल्यावर माझ्या मताचे लोकही जरा गप्प होतात.

पाणकावळा
सतरावा का वगळलात? ७६१ ओळी आहेत, सगळ्या पॅट्रोक्लसच्या प्रेतासाठीच्या झटापटीच्या.

जुनापुराणा
लांबण लागते म्हणून. पण घाला. घाई असेल तर सुरुवातीची मेनेलॉसने केलेली प्रेताची राखण आणि ४२६ व्या ओळीपासून अकिलिसच्या घोड्यांचा भाग, एवढं पुरे.